चाकावरचा पाय

(तरुण कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



नाचणाऱ्या माणसाला सहसा दोनच प्रश्न विचारतात. किती वर्षं शिकलात, आणि घरच्यांचा पाठिंबा आहे का? मी मुसलमान असल्यामुळे दुसरा प्रश्न लोक जरा आवाज खाली करून विचारतात, जणू घरात कुणी आजारी आहे. तुमच्या शिबिरातल्या मुलीने फोनवर वेगळंच विचारलं. म्हणाली, ‘ताई, हे नृत्य बसवताना तुम्ही काय काय वाचलं, ते सांगाल का?’ मला फार बरं वाटलं. नंतर जरा भीतीही वाटली. कारण वाचलेलं खरंखरं सांगायचं, तर वाटेत मी केलेला एक खोटेपणाही सांगावा लागणार. तो सांगेन.

तुमच्यातल्या बहुतेकांनी प्रयोग पाहिलेला नाही, म्हणून आधी थोडक्यात. साधारण पन्नास मिनिटांचं काम आहे. आम्ही तिघी नाचतो. तिघींचं शिक्षण कथकचं. एक गायिका, एक तबलावादक, मिरजेचे दोन तंबोरे. आणि रंगमंचाच्या मधोमध सुरी-कात्रीला धार लावायचं जुनं लाकडी चाक. विषय आहे शिकलगार. आडनाव ऐकलं असेल तुम्ही. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडच्या मुलांच्या वर्गात एखादा तरी शिकलगार असतोच. आमचं घरही शिकलगारांचंच.

पण सुरुवात शिकलगारापासून झाली नव्हती. ती झाली लखनौपासून.

शाळेत मी स्नेहसंमेलनात नाचायचे, तेव्हा कुणीतरी हमखास विचारायचं, ‘तुमच्यात चालतं का हे?’ विचारणारे वाईट नव्हते. पण उत्तर देऊन देऊन कंटाळा यायचा. पुढे पुण्यात कथक शिकायला लागले आणि मला एक झक्कास उत्तर सापडलं. वाजिद अली शाह! अवधचा नवाब. १८४३ मध्ये, गादीवर बसण्याच्या आधीच, त्याने राधा-कन्हैयाच्या गोष्टीचं नाटक लिहून बसवलं. स्वतः ठुमऱ्या रचल्या, नृत्याला आश्रय दिला. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य काढून घेतलं, तेव्हा कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन त्याने छोटं लखनौच उभं केलं, आणि १८८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार? ‘आमच्यात चालतं का’ म्हणता, अहो, आमच्यातच तर वाढलं!

तर त्या नवाबावर नृत्य बसवायचं मी ठरवलं होतं. त्यासाठी वाचायला घेतलं आणि तिथेच पहिली ठेच लागली. मार्गारेट वॉकर नावाच्या अभ्यासक बाई आहेत, त्यांचं कथकच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक २०१४ मध्ये आलं. माझं इंग्रजी बेताचं. एका पानाला अर्धा तास लागायचा. पण सोडवेना. कथकच्या परीक्षांना आम्ही एक उत्तर पाठ केलेलं असतं, की देवळात कथा सांगणारे कथक होते, मग मुघल आले आणि हा नाच देवळातून दरबारात गेला. काही जण याच उत्तराला शेपूट लावतात, की दरबारात जाऊन तो बिघडला. आम्ही मुसलमान विद्यार्थी उलटं शेपूट लावतो, की दरबारात जाऊन तो खुलला. वॉकरबाईंचं म्हणणं असं, की हे देऊळ-ते-दरबार प्रकरणच फार नीटनेटकं आहे. आजचं कथक एकोणिसाव्या-विसाव्या शतकात अनेक धाग्यांतून विणलं गेलं. त्यात पुरुष कलावंतांची घराणी आहेत, लोकनाट्यं आहेत. आणि त्यात तवायफ आहेत, ज्यांचा वाटा मोठा होता आणि नाव पुसलं गेलं.

म्हणजे माझं उत्तर आणि समोरच्याचा प्रश्न, दोन्ही एकाच खोट्या गोष्टीवर उभे होते. ते देवळाचा हक्क सांगत होते, मी दरबाराचा. ज्या बायकांनी ते खरोखर नाचून ठेवलं, त्यांचं नाव ना त्यांच्या तोंडी होतं, ना माझ्या.

तरीही मी नवाबाला लगेच सोडलं नाही. त्याला सोडवलं अब्बांनी. एका सुट्टीत घरी आले होते, जेवताना मोठ्या उत्साहाने मटियाबुर्ज सांगत होते. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि म्हणाले, ‘हमारे कौन लगते वो?’

काय सांगणार! आमच्या घरात लखनौची उर्दू कुणाला येत नाही. आम्ही घरात दखनी बोलतो आणि बाहेर मराठी. नवाबाच्या दारात आमच्यातला कुणी उभा राहिलाच असता, तर तो मागच्या दारी, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मागायला.

आता पुढचं पुस्तक म्हणजे खरं तर पुस्तक नाही. तो एक सरकारी कागद आहे. जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने तुमच्यातल्या पुष्कळांनी महाराष्ट्राच्या याद्या चाळल्या असतील. आपलं नाव कुठे आहे ते बघायचं आणि पान मिटायचं, असंच आपण करतो. धाकट्या भावाच्या कागदपत्रांसाठी मी एकदा ती यादी सावकाश वाचली. भटक्या जमाती, ब. त्यात शिकलगार आहे. त्याच यादीत गोंधळी आहे. त्याच यादीत कोल्हाटी आहे. चित्रकथी, गारुडी, बहुरूपी, वासुदेव, नंदीवाले. मी बघतच राहिले. अहो, ही जात-यादी आहे की एखाद्या तमाशाच्या फडाची हजेरी?

आणि मग आठवला सगनभाऊ.

सगनभाऊचं नाव मी लावणीच्या संदर्भात ऐकलेलं होतं, होनाजी बाळाच्या बरोबरीने घेतात तसं. तो मुसलमान होता हे अर्धवट माहीत होतं. तो शिकलगार होता हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. म. वा. धोंडांचं ‘मऱ्हाटी लावणी’ आणि य. न. केळकरांचं ‘तंतकवि तथा शाहीर’, ही दोन पुस्तकं मी वाचनालयात बसून वाचली. मूळचा जेजुरीचा माणूस, उत्तर पेशवाईतला, पुण्यात आलेला. धंदा हत्यारांना धार लावण्याचा. आणि लावणी अशी, की मराठी शाहिरीचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. त्याच्या रचना गाणारा साथीदार रामा गोंधळी. म्हणजे यादीतले दोघे इथेच भेटले.

खडकीच्या लढाईवर सगनभाऊचा पोवाडा आहे. १८१७ ची ती लढाई, पेशवाई बुडाली ती. पोवाडा वाचताना माझ्या मनात दुसरंच चालू होतं. हत्यारांना धार लावणारा माणूस हरलेल्या लढाईचं गाणं लिहितो, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट कळत असणार. आता गिऱ्हाईक कमी होणार. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण धंदेवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला असे अंदाज बांधता येतात.

मी तर हवेत होते. नवाब गेला, शाहीर मिळाला! आपला, मराठी, मुसलमान, वर आपल्याच जातीचा! मैत्रिणी म्हणाल्या, ‘मस्त, आता नऊवारी नेसून लावणी बसवू.’ मीही जवळजवळ हो म्हटलं होतं.

पण वाचायची खोड लागली की ती मध्येच थांबत नाही. यादीतला तिसरा शब्द राहिला होता, कोल्हाटी. लावणी लिहिली सगनभाऊने, गायली रामाने. पुढे ती वर्षानुवर्षं नाचली कुणी? किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ मी शाळेत असताना वाचलं होतं आणि विसरले होते. विसरले म्हणजे, विसरणं सोयीचं होतं. ते परत वाचलं. आई तमाशात नाचते आणि तिच्या नाचावर जगणाऱ्या घरातच तिच्या मुलाची परवड होते, अशा मुलाची ती गोष्ट आहे. मग शर्मिला रेगे यांचा लावणी-कलावंतिणींवरचा १९९५ चा लेख, आणि अलीकडे शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित बायकांवरचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’, २०२२ चं. हे वाचल्यावर लावणीतला शृंगार वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कागद राहीना, कामावरची बाई यायला लागली. जिला ‘आज नको’ म्हणायची सोय नव्हती, ती बाई.

तेव्हा मी ठरवलं, की या प्रयोगात लावणी नाचायची नाही. लावणी वाईट म्हणून नव्हे. सभ्य घरात चालत नाही म्हणून तर मुळीच नव्हे. आम्ही तिघी पुण्यात कथक शिकलेल्या, संध्याकाळी घरी जाऊन झोपणाऱ्या मुली. चार दिवसांची हौस म्हणून आम्ही ती अंगावर घालायची, टाळ्या घ्यायच्या आणि उतरवून ठेवायची, हे मला पटेना. काही लोकांना हा अतिरेक वाटतो. वाटू दे. सगनभाऊचे शब्द प्रयोगात एकदाही येत नाहीत. येतो तो फक्त त्याचा धंदा.

धंद्याकडे वळले तेव्हा शब्दकोशात ‘शिकलगार’ शोधला. मूळ अरबी शब्द सैकल. म्हणजे घासून लख्ख करणं, झळाळी आणणं. सैकलगरचा झाला शिकलगार. हा शब्द सूफींच्या घरातला आहे, हे तुमच्यातल्या उर्दू वाचणाऱ्यांना लगेच कळलं असेल. दिलाचा आरसा आणि त्यावरचा गंज, ही त्यांची जुनी उपमा. मौलाना रूमींच्या मसनवीत एक गोष्ट आहे. चिनी आणि रूमी चित्रकारांची पैज लागते. एका दालनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू त्यांना वाटून देतात, मध्ये पडदा. चिनी कारागीर शेकडो रंग मागवून अप्रतिम चित्र काढतात. रूमी कारागीर रंगाला हातच लावत नाहीत, ते नुसती भिंत घासत बसतात. पडदा काढतात तेव्हा समोरचं सगळं चित्र या घासलेल्या भिंतीत उतरतं, आणि मुळापेक्षा देखणं दिसतं.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. पण भिंत घासणारे ते लोक आमच्या धंद्यातले आहेत, हे मला तिशी उलटल्यावर कळलं!

इथे एक सांगून टाकते. ‘सूफी’ शब्द उच्चारला की आयोजकांचे डोळे चमकतात. मला दोन ठिकाणांहून विचारणा झाली, की शेवटी पांढरा घेर आणि उंच टोपी घालून गिरक्या घ्याल का, लोकांना आवडतं. कोन्याच्या मौलवी दरवेशांचा समा ही त्यांची इबादत आहे, तिची शिस्त आहे, एक हात वर आणि एक खाली का, याला अर्थ आहे. आमचे चक्कर म्हणजे कथकचे चक्कर. आम्ही ते रियाजाने कमावलेत, दुवेने नव्हे. मी नाचते ती इबादत आहे असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि गुनाह आहे असंही मी मानत नाही. नाच हे माझं काम आहे. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी मला समजावून सांगितलं, की बेटी, लोकांना सांग ये भी एक तरह का ज़िक्र है, म्हणजे कुणी बोलणार नाही. त्यांचा हेतू चांगला होता. पण पळवाट म्हणून अल्लाहचं नाव वापरायचं, हे मला नाचण्यापेक्षा जास्त अवघड वाटतं.

आता तो खोटेपणा.

मिरजेची सतार आणि तंबोरा तुम्हाला माहीत आहेत. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा मिरजेतले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतः वाद्यं घडवायला लागले. फरीदसाहेब मूळचे शिकलगार. त्यांच्या वंशातले लोक आज सतारमेकर म्हणून ओळखले जातात. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथून जाताना भोपळे टांगलेले दिसतात. ते भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात. विठोबाच्या मुलखातला भोपळा, मिरजेच्या मुसलमान कारागिराचा हात, आणि त्यावर कोण गाणार? अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि दर वर्षी उरुसाला तिथे गाणं होतं. ते स्वतः तंबोऱ्याची जवारी काढण्यात तरबेज होते.

तलवारीची पात गेली आणि तंबोऱ्याची तार आली. किती सुंदर गोष्ट! आणि खरीसुद्धा. खोटं एवढंच, की ती आमच्या घराची नव्हती.

प्रयोगाची जुळवाजुळव चालू असताना एका वर्तमानपत्राने माझी मुलाखत घेतली. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही त्या सतारमेकरांपैकीच ना?’ मी म्हटलं, ‘हो, आमचेच लोक ते.’ तसं म्हटलं तर जातीने खरं होतं. पण त्याला काय समजलं ते मला कळलं होतं, आणि मी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी मथळ्यात आम्ही थेट सतारमेकरांचं घराणं झालो होतो.

आमचे आजोबा सांगलीत दारोदार फिरायचे. लाकडी घोडा, त्यावर चाक, ते सगळं खांद्यावर. गल्लीत शिरले की हाक द्यायचे, सुरी-कात्रीला धाऽर. सकाळी निघायचे ते असरपर्यंत. पुढे अब्बांनी गाळा घेतला. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, उसाच्या दिवसांत कोयते. आता विजेची मोटार आहे, हात काळे व्हायचे ते होतातच. तारेशी, भोपळ्याशी आमचा कधी संबंध आला नाही. आमच्या आजोबांच्या हातून एकही सूर निघाला नाही. निघाला तो किर्र आवाज, ज्याने समोरच्या घरातली बाळं उठून रडायची.

अब्बांनी तो मथळा कापून कपाटात ठेवला. मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि गंमत बघा, मी ‘आमच्यात चालतं का’ या प्रश्नाला इतकी वर्षं चिडत होते. तो प्रश्न धर्माचा होता, त्याला उत्तर द्यायला मी नवाब शोधला. पण नवाबाच्या आड, शाहिराच्या आड, सतारमेकराच्या आड मी जे झाकत होते ते धर्माचं नव्हतंच. ती आजोबांची हाक होती. वर्गातल्या मुलींच्या दारावरून जाणारी.

हे झाल्यावर मी ते चाक बाहेर काढलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं, पुरुषभर चढलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढताना माळ्याखालच्या खोलीत आजोबांचा लाकडी घोडा सापडला होता. एक पाय तुटलेला, पण चाक शाबूत. कुरुंदाची पूड लाखेत बसवून आजोबांनी ते स्वतः केलं होतं. अम्मी म्हणाली होती, फेकून देऊ. अब्बांनी ते धुऊन गच्चीवर ठेवलं होतं.

अब्बांचा विरोध तिथे सुरू झाला. लक्षात घ्या, नाचायला त्यांनी मला कधी अडवलं नाही. पुण्याला पाठवलं, फी भरली, नातेवाइकांची बोलणी खाल्ली. पण चाक रंगमंचावर न्यायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, ‘लोगां कू ये दिखाने की क्या जरूरत? इत्ता शिकी, इत्ता बडा नाम हुआ.’ मी पंधरा दिवस मागे लागले. शेवटी कबूल झाले, दोन अटींवर. घराचं नाव माइकवरून घ्यायचं नाही. आणि मला बघायला बोलवायचं नाही.

तिसरी अट त्यांनी स्वतःच घालून मोडली. ती अशी, की चाक कुणा टेम्पोवाल्याच्या भरवशावर पाठवायचं नाही, मी आणून देतो. आणून दिलं, आणि आमची तालीम चालू होती म्हणून दाराशी उभे राहिले.

आम्ही धार लावण्याचा अभिनय बसवत होतो. हस्तमुद्रा चांगल्या होत्या. डाव्या हाताने सुरी, उजव्या हाताने तिला आधार, नजर पात्यावर, मान किंचित कललेली. रोहिणी भाट्यांची पुस्तकं मी या काळात परत परत वाचत होते. ‘लहजा’ या त्यांच्या पुस्तकाचं नावच बघा. हालचाल सगळेच करतात, प्रश्न तिच्या लहजाचा असतो. त्यामुळे आम्ही मनगटाचा लहजा पकडण्यात रमलो होतो.

अब्बा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पाँव कां है?’

मी म्हटलं, काय?

‘काम पाँव करता. हात तो खाली पकडता.’

त्यांनी चपला काढल्या, घोड्यामागे उभे राहिले, आणि पायाखालची फळी दाबून दाखवली. आम्ही तिघी गप्प. कारण तो ठेका आम्हाला माहीत असलेला नव्हता. आम्ही सरळ तीनतालात तत्कार करत होतो, सोळा मात्रा, चारचारचे चौकोनी भाग. फळी तशी चालत नाही. दाबताना जोर लागतो, ते झटकन होतं. सोडताना चाकाची गती पायाला वर आणते, तिथे थांबावं लागतं, घाई केली तर पट्टा निसटतो. तबलावाला मान हलवत मोजत होता. तीन दाबायला, चार सोडायला. सात! अगदी काटेकोर सात नव्हे, पण सातात बसत होतं. रूपक.

रूपकाची एक गंमत आहे, ती तबला शिकणाऱ्यांना माहीत असेल. बाकीच्या तालांत समेवर वजन असतं, रूपकची सम खाली असते. म्हणजे जिथून आवर्तन सुरू होतं तिथेच तबल्याचा बायाँ गप्प. अब्बांचा पाय सगळा जोर लावत होता त्या तीन मात्रा नेमक्या खालीच्या. जोर लागतो तिथे आवाज नाही, आणि आवाज येतो तिथे पाय मोकळा. आम्ही आधी बसवलेली पंधरा मिनिटं त्या दिवशी फेकून दिली.

तालीम संपल्यावर ते उजवा गुडघा धरून बसले. ते नेहमीच बसतात तसे. आयुष्यभर मी तो गुडघा म्हणजे म्हातारपण समजत होते. मोटार यायच्या आधीची कितीतरी वर्षं तोच पाय फळीवर होता. आता प्रयोगात एक भाग आहे, ज्यात आमच्यातली एकजण फक्त उजव्या पायाने तत्कार करते, सलग सहा मिनिटं, डावा पाय जमिनीला रोवून. कथकच्या दृष्टीने ते चुकीचं आहे. पाहणाऱ्यांना चौथ्या मिनिटाला अस्वस्थ व्हायला लागतं. व्हावं.

श्रमाचं शरीर नाचात आणणारी मी पहिली नव्हे, हे मला वाचूनच कळलं होतं, त्यामुळे धीर आला. उदय शंकरांनी अल्मोड्याच्या काळात मजूर आणि यंत्र यावर बॅले केला होता. त्यांच्या संचात झोहरा सहगल होत्या. झोहराबींचं आत्मचरित्र तुम्ही मिळवून वाचाच, विशेषतः मुलींनी. १९३० मध्ये मामाबरोबर मोटारीने युरोपला निघालेली ही मुलगी, पुढे जर्मनीत ड्रेस्डेनला मेरी विगमनच्या शाळेत नाच शिकली. कुणाची परवानगी, कुणाचा पाठिंबा, यावर त्या फार पानं खर्च करत नाहीत. मला ते फार आवडलं. कुमुदिनी लाखियांनी राधा-कृष्ण बाजूला ठेवून कथकला नुसत्या लयीवर उभं केलं. आणि चंद्रलेखा. जन्म आपल्या वाड्याचा, ठाण्यापलीकडचा, कर्मभूमी मद्रास. १९८५ च्या ‘अंगिका’मध्ये त्यांनी भरतनाट्यमच्या शेजारी कळरीपयट्टू आणि योग आणून ठेवले, सजवलेल्या देवतेऐवजी कणा असलेलं शरीर आणलं. रुस्तम भरुचांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय. ते मी अब्बांच्या तालमीनंतर परत वाचलं, आणि आधी अधोरेखित केलेली वाक्यं सोडून दुसरीच अधोरेखित केली.

तंबोरे मात्र आम्ही ठेवले. ते आमच्या घरचे नाहीत, हे मी आता प्रत्येक प्रयोगाआधी सांगते. पण जवारी काढताना मिरजेत एका कारागिराकडे बसले होते, तेव्हा तो घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, कान लावायचा, परत कानस. अब्बा वस्तऱ्याची धार बघताना पातं अंगठ्याच्या नखावर हलकं ओढतात आणि असाच कान लावतात. दोन घरं वेगळी झाली तरी ती ऐकण्याची लकब तेवढी सारखी राहिली, असं मला वाटलं. खरं असेल, नसेल. नृत्यात तो एक प्रसंग मी ठेवलाय.

पहिल्या प्रयोगाला अब्बा आले नाहीत. अट त्यांचीच होती. मी माइकवर घराचं नाव घेतलं नाही, पण आजोबांची हाक प्रयोगात आहे, ती मी स्वतः देते. सुरी-कात्रीला धाऽर. पहिल्यांदा ती दिली तेव्हा प्रेक्षागृहात दोनतीन म्हातारी माणसं हसली. ओळखीचं हसू होतं ते, मी त्या हसण्याला इतकी वर्षं घाबरत होते.

दुसरा प्रयोग सांगलीत झाला. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर अम्मी आणि अब्बा बसलेले मला विंगेतून दिसले. अम्मीने त्यांना आणलं होतं की त्यांनी अम्मीला, ते मला अजून कळलेलं नाही. प्रयोग संपल्यावर लोक भेटायला आले, फोटो झाले. अब्बा चाकाशी उभे होते. एका बाईंनी त्यांना विचारलं, हे खरं आहे का, की नाटकासाठी बनवून घेतलं? अब्बा म्हणाले, ‘आमच्या वडिलांचं आहे.’ मराठीत, सावकाश.

घरी जाताना रिक्षात मी वाट बघत होते, ते काय म्हणतील. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, ‘वो दुसरी पोरगी ने छुरी उल्टी पकडी थी. ऐसा पकडी तो उंगली जाती.’

सध्या चाक घरी आहे. टेम्पोच्या हिसक्यांनी एका बाजूची लाख उडाली, ती अब्बा परत बसवतायत. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून पुढचा प्रयोग आम्ही दोन आठवडे लांबवलाय. ती दुसरी मुलगी दर शनिवारी गाळ्यावर येऊन सुरी धरायला शिकतेय.